अक्षरागणिक हात

आमचे सर चक्रम होते. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडायला नको. आणि दुसऱ्या कुणी सांगितलंच, तर मी भांडायला मोकळी.

गुलमंडीच्या मागल्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या होत्या, तिथं ते फ्रेंच शिकवायचे. खाली दळण सुरू झालं की वरची फरशी थरथरायची आणि आमचा आवाज आम्हालाच ऐकू यायचा नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. "मोठ्यानं बोला," म्हणायचे. "फ्रान्समध्ये काय सगळे देवळात बसल्यासारखे बोलतात?" जिन्यावर कायम पिठाचा थर असायचा. क्लास सुटला की आम्ही पांढऱ्या चपलांनी खाली उतरायचो आणि दळणाच्या रांगेतल्या बाया एकमेकींना सांगायच्या, "आल्या बघ फ्रेंच दळून."

पहिले दोन महिने वही आणायला बंदी. पुस्तकाचं तर नाव काढायचं नाही. कुणी लपूनछपून पेन काढलं की सर हात पुढं करायचे आणि पेन जप्त. त्यांचं म्हणणं असं, की मराठी माणसाला अक्षर दिसलं की ते उच्चारल्याशिवाय चैन पडत नाही. लिहिलंय ते बोलायचं, ही आपली जन्माची सवय. आणि फ्रेंच क्रियापदाच्या शेपटाला तर कितीतरी अक्षरं अशी चिकटलेली, की लिहायची पण बोलायची नाहीत. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'तो बोलतो', 'ते बोलतात'. कागदावर बघावं तर शेपटं निराळी, कानाला मात्र सगळीकडं एकच, 'पार्ल'. "घरात दहा माणसं असतात," सर म्हणायचे, "म्हणून पाहुणा आला की दहाच्या दहा दारात येऊन बोलतात का? काही आत बसतात. बसू द्या की त्यांना."

आणि त्यांचा तो उजवा हात! सरांना हात न हलवता क्रियापद म्हणताच यायचं नाही, आणि ते आम्हालाही म्हणू द्यायचे नाहीत. एका अक्षराला टेबलावर एक थाप. 'नू फिनिसों', म्हणजे 'आम्ही संपवतो': नू, फि, नि, सों, चार थापा. 'ईल फिनीस', 'ते संपवतात': तीन थापा, आणि पुढची मुकी अक्षरं आली की मूठ बंद. 'तो येतो' म्हणायचं असलं की आम्ही 'ईल' म्हणून थांबायचो आणि मग 'आरीव' म्हणायचो. सर ओरडायचे, "शब्द कुठं संपला ते विसरा हो! अक्षर कुठं संपलं ते बघा. ई-ला-रीव. हा 'ल' इकडचं घर सोडून तिकडं गेला. जाऊ द्या, सासरी सुखी आहे तो." पंधरा जणांच्या थापा एकदम पडल्या की गिरणीवाला खालून हाक मारायचा, "मास्तर, छत पाडता का?"

ही थाप त्यांनी आणली होती पैठणहून. घर भिक्षुकांचं. लहानपणी वडील मंत्रांची संथा द्यायचे तेव्हा पोराचं मनगट धरून अक्षरागणिक हात वर-खाली करायचे. चुकलं की तेच मनगट पिरगळायचे. पुढं भिक्षुकीवर भागेना, म्हणून सर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. तिथं फ्रान्सहून यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर ती बसवणारा एक फ्रेंच माणूस. तो तीन वर्षं राहिला. सर त्याला नट-बोल्ट काढून द्यायचे आणि त्याच्याकडून क्रियापदं काढून घ्यायचे. ऐकलेलं पाठ करायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, वडिलांची, तीच त्यांनी फ्रेंचला लावली. फ्रान्स त्यांनी फक्त नकाशात पाहिलेलं. पैठणचे भाऊबंद टोमणे मारायचे, तर हे म्हणायचे, "घराण्याचा धंदा चालूच आहे हो, यजमान तेवढे बदलले."

मी त्यांच्याकडं कशी पोचले, तेही सांगते. आम्ही धनगर. वेरूळच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला आमची वाडी आणि त्याच डोंगरावर माझ्या बापाची मेंढरं. मी बारावीला असताना एकदा आण्णांची भाकरी घेऊन वर गेले, तर तिथं फ्रेंच पाहुण्यांचा घोळका आला होता आणि त्यांच्याबरोबर बाहेरून आलेला गाइड. त्यानं आण्णांना घोंगडीसकट उभं केलं, फोटो काढू दिले, मग त्यांच्याकडं बोट दाखवून काहीतरी बोलला. सगळे हसले. आण्णाही हसले, पाहुणे हसतात म्हणून. तो काय बोलला ते मला कळलं नाही, आणि तेच मला झोंबलं. माझ्या बापाबद्दल माझ्यासमोर कुणी काही बोलतं आणि मला ते समजत नाही, म्हणजे काय? त्या दिवशीच ठरवलं, ही भाषा शिकायची, आणि आमच्या डोंगरावर आमच्याबद्दल काय सांगायचं ते मी सांगायचं. फ्रेंचमधली गाइड व्हायचं. बाकी काही नको.

मग कॉलेजात गेल्यावर रोज वेरूळ ते संभाजीनगर एस.टी., आणि कॉलेज सुटलं की गुलमंडीला सरांचा क्लास.

क्लासात एक मुलगी होती, पुण्याला शिकून आलेली. माझं 'नाय' आणि 'हाय' ऐकलं की तिला हसू आवरायचं नाही. एक दिवस सरांनी तिला उभं केलं. मला वाटलं, आता रागावतात. रागावले नाहीत. म्हणाले, "'नाही' म्हणा बरं, थापेसकट." ती म्हणाली, दोन थापा. मग मला, "तुम्ही म्हणा." मी म्हणाले, "नाय." एक थाप. सर खूश. "बघा! जे काम तुम्हाला दोन थापांत जमतं ते ही बाई एका थापेत उरकते. फ्रेंच माणूस हेच करतो. शेपटी गिळतो. हिला शिकवायला मला अर्धीच मेहनत आहे, आणि हसताय कुणाला?" त्या दिवशी मला एस.टी.त जागा मिळाली नाही, तरी मी वेरूळपर्यंत मजेत उभी गेले.

सर विद्यार्थ्यांना अहो-जाहो करायचे, अगदी अकरावीतल्या पोरालाही. चहा बशीतून प्यायचे. छत्री बारा महिने जवळ, पण उघडलेली कुणी पाहिली नाही; तिच्या मुठीनं ते जिन्याच्या कठड्यावर क्रियापदं वाजवत वर यायचे, आणि आज कोणता काळ शिकायचाय ते आम्हाला जिन्यातच कळायचं.

फ्रेंच 'र' आला की मात्र सर हात टेकायचे. तो घशातून निघतो, आणि आमचा सगळ्यांचा जिभेच्या शेंड्यावरचा खणखणीत. त्यावर सरांचा उपाय ठरलेला. दर नव्या तुकडीला घेऊन ते शहागंजला एका अत्तरवाल्या चाचांच्या दुकानी जायचे. चाचा म्हातारे, कानात कापसाचा बोळा, आणि घसा असा, की 'बाग़' म्हणाले की तो 'ग़' ऐकत राहावा.

"क्या मास्टर, फिर नवे बच्चे ले आए?"

"हौ चाचा. जरा 'ग़रीब' सुनाओ."

चाचा 'ग़रीब' म्हणायचे, 'ग़लत' म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. मला म्हणाले, "बेटी, ज़बान को आराम दे, हलक से निकाल." तासाभरात माझा घसा बसला, पण 'र' सापडला. परत येताना सर रस्त्यातच म्हणाले, "लोक या एका अक्षरासाठी विमानाचं तिकीट काढतात हो! आपल्याला शहागंजात मिळतं, वर चहा."

एवढं सगळं झालं आणि मी तोंडी परीक्षेत नापास झाले.

गाइडचा परवाना हवा तर भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागायचं. लेखी मी सहज काढली. तोंडीला बाहेरगावचे परीक्षक आले होते, कडक इस्त्रीचे, बारीक आवाजाचे. मी बसले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मी उत्तराला सुरुवात केली आणि माझा हात टेबलावर पडला. एक थाप, दोन थापा. त्यांनी माझ्याकडं न बघता माझ्या हाताकडं बघितलं.

"हे काय चाललंय? हात खाली घ्या."

मी हात मांडीखाली घेतला. आणि काय सांगू, जीभच बंद! 'नू फि' एवढं आलं, पुढचं येईना. दोन महिने वही नाही, पुस्तक नाही. माझं सगळं फ्रेंच त्या हातात, आणि हात माझ्याखाली दबलेला. परीक्षक हसले. म्हणाले, "लेझीम शिकवतात का तुमच्याकडं? कोण शिकवतं तुम्हाला?" मी सरांचं नाव सांगितलं. "फ्रान्सला किती वर्षं होते?" मी सांगितलं, गेले नाहीत. त्यांनी नुसती मान डोलावली आणि कागदावर आकडा टाकला.

नापास झाल्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठा मूर्खपणा मी दुसऱ्या दिवशी केला. रागाच्या भरात सरांना सगळं शब्दाला शब्द सांगून बसले. लेझीमसुद्धा. सर ऐकत राहिले. "असं म्हणाले का," एवढंच बोलले.

त्यानंतर सर हात खाली ठेवून शिकवायला लागले. बाजारातून छापील पुस्तकं मागवली. वह्या पहिल्या दिवसापासून चालतील म्हणाले. दोन्ही हात टेबलाखाली, डोळे पुस्तकात, आणि एकसुरी आवाजात, 'नू फिनिसों, वू फिनिसे'. छत्री जिन्यात वाजायची थांबली. गिरणीवाल्यानंही एकदा वर येऊन विचारलं, "मास्तर आजारी हायेत का?" आम्ही पोरंपोरी आपापल्या वह्यांत माना घालून शेपटांसकट सगळं वाचायला लागलो, 'पार्लेन्त, पार्लेन्त', आणि सर दुरुस्तही करेनात.

पंधरा दिवस मी सोसलं. मला राग लवकर येतो, आमच्या घराण्यातच आहे. सोळाव्या दिवशी उभी राहिले.

"सर, हात वर काढा."

"बसा तुम्ही."

"नाय बसत. आधी हात वर काढा."

सर पुस्तकातून वर न बघता म्हणाले, "बाई, माझी पद्धत चुकीची आहे. माझ्यामुळं तुम्ही नापास झालात. मी फ्रान्स पाहिलेलं नाही. मी कारखान्यातला स्टोअरकीपर. भिक्षुकाचा हात आणि स्टोअरकीपरचं फ्रेंच. तो माणूस हसला त्यात त्याचं काय चुकलं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच जास्त राग आला. "माझ्या आण्णांनी मेंढरांचं कॉलेज कुठं केलंय?" मी म्हणाले. "कळपात शंभर मेंढरं असली तरी कोणतं लंगडणारे ते आदल्या दिवशी सांगतात. मग काय, एखाद्या डॉक्टरनं हसावं म्हणून त्यांनी मेंढराकडं बघायचं सोडायचं? तुम्ही लाजलात सर. तो हसला आणि तुम्ही लाजलात. मी नापास झाले, मी लाजले नाय. मी लाजले नाय तर तुम्ही कोण लाजणारे?"

असं कुणी सरांशी बोलतं का? मी बोलले. ती पुण्याची मुलगी माझ्या ओढणीचा शेव धरून खाली ओढत होती.

खाली कुणाची तरी ज्वारी पडत होती. मग सरांनी पुस्तक मिटलं, बाजूला सारलं, आणि त्यांचा उजवा हात टेबलावर आला. पहिली थाप अगदी हळू होती. "नू," ते म्हणाले. आम्ही पंधराही जणांनी एकदम मारली. गिरणीवाल्यानं खालून शिवी हासडली आणि आम्ही सगळे हसलो. सरही हसले, पण चष्मा काढून पुसत.

सहा महिन्यांनी मी पुन्हा तोंडीला बसले. तेच परीक्षक, तीच इस्त्री. जायच्या आधी सर म्हणाले होते, "तिथं नुसतं बोट हलवलंत तरी चालेल, मांडीवर. कुणाला दिसणार नाही." मी म्हणाले, "बरं," आणि मनात म्हणाले, दिसणारच.

परीक्षकांनी मला ओळखलं नाही, हाताला ओळखलं. "हात खाली ठेवा," म्हणाले.

"माफ करा सर, हात वरच राहील," मी म्हणाले. "चुकलं तर मार्क कापा. हात कापू नका."

त्यांच्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या, त्यांनी वहीत तोंड लपवलं. परीक्षक लाल झाले, पण मी थांबलेच नाही. कैलास लेणं वरून खाली कसं खोदत आणलं ते मी फ्रेंचमध्ये सांगितलं. आधी कळस, मग पाया. 'ते खोदतात, ते उतरतात, ते संपवतात', अक्षरागणिक थाप मारत, मुक्या अक्षराला मूठ मिटत, आणि 'र' थेट शहागंजचा. त्यांनी एकदाही अडवलं नाही. अडवायला जागाच दिली नाही मी.

पास झाले. प्रमाणपत्र आलं, त्यात खाली शेऱ्याचा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, 'उच्चार स्पष्ट. हातवारे टाळावेत.'

मी ते घेऊन धावत गुलमंडीला गेले. सरांनी चष्मा चढवला, पहिलं वाक्य दोनदा वाचलं, दुसरं एकदा वाचलं. मग खिशातलं लाल पेन काढलं, ज्यानं ते आमचे पेपर तपासायचे, आणि 'हातवारे टाळावेत' यावर आडवी रेघ मारली. समासात लिहिलं, 'चूक'.

"अहो सर!" मी किंचाळलेच. "सरकारी कागद हाय तो! परवान्याला लावायचाय!"

"लावा की," सर म्हणाले. "चुकीचा कागद लावण्यापेक्षा दुरुस्त केलेला लावलेला बरा."

रात्रभर मी त्या कागदाकडं बघत बसले. नवीन प्रत मागवता आली असती. अर्ज करायचा, दोन-तीन महिने थांबायचं, आणि तोच शेरा पुन्हा घरी आणायचा. नाही मागवली. मला परवाना पाहिजे होता, जिवापाड पाहिजे होता, पण तो त्या वाक्यासकट नको होता. सकाळी परवान्याच्या ऑफिसात गेले आणि आहे तो कागद खिडकीत सरकवला.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज तपासला, फोटो तपासला आणि लाल रेघेशी थांबल्या. "ताई, ही खाडाखोड कुणी केली?"

"माझ्या सरांनी."

"खाडाखोडीवर सही लागते. नाव, हुद्दा, तारीख. त्याशिवाय कागद चालत नाही. ज्यानं खोडलं त्याला घेऊन या."

एवढ्या मोठ्या ऑफिसात मला हसूच फुटलं. आपल्याकडं खोडायला बंदी नाही, खोडून पळून जायला बंदी आहे. मी रिक्षा केली आणि सरांना शिकवता शिकवता उठवून आणलं. हातात छत्री, बाहीला पीठ.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही परीक्षा मंडळावर आहात का?"

"नाही."

"मग मंडळाचा शेरा तुम्ही कसा काय खोडला?"

ते आता काय बोलतील, माफी मागतील, की 'चुकून झालं' म्हणतील? त्यांनी तसं म्हटलं असतं तर माझा परवाना गेला असता आणि मी त्यांना उभ्या जन्मात माफ केलं नसतं, हे मी खरं सांगते.

"चुकीचा होता म्हणून खोडला," सर म्हणाले. "हात मी शिकवलाय. त्या हातानंच ही पास झाली. ते परीक्षकसाहेब समोर असते तरी खोडला असता."

बाईंनी वरचं वाक्य वाचलं. उच्चार स्पष्ट. खालचं रेघेआडून वाचलं. माझ्याकडं पाहिलं, सरांच्या बाहीकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "गुणांना तर हात लावलेला नाही. नियमात सही पाहिजे एवढंच आहे. कुणाची, ते काही लिहिलेलं नाही. करा."

सरांनी छत्री माझ्याकडं दिली. खिडकीच्या फळीवर कागद सरळ केला. आधी नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तारीख घातली. हुद्द्याशी पेन अडलं. मागं रांग वाढत होती, कुणीतरी "काका, उरका," म्हणालं. सरांनी मागं वळूनही पाहिलं नाही. मग ठळक, एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी लिहिलं, 'फ्रेंच भाषेचे शिक्षक', आणि खाली सही ठोकली.

बाईंनी ते वाचलं, त्यावर शिक्का मारला आणि माझा अर्ज आतल्या ढिगावर ठेवला. "झालं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पुढचे कोण?"